विश्वस्तांचा वर्ग

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत आणि सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही सामाजिक संस्थेच्या दारावरची पाटी नीट वाचली, तर नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ सापडते. ‘रजि. नं. एफ’ किंवा ‘रजि. नं. ई’, पुढे आकडा आणि शेवटी ‘नाशिक’. ‘एफ’ म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली उभी राहिलेली आणि पुढे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली संस्था. ती काढायला किमान सात माणसे लागतात. त्या सातजणांच्या मागे एक घटना, एक इतिवृत्ताचे पुस्तक आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० असा सारा संसार असतो.

हे सातजण कोण असतात? एखादे निवृत्त मुख्याध्यापक, गावातले डॉक्टर, एक वकील, एक व्यापारी, चळवळीत वाढलेली एखादी कार्यकर्ती आणि संस्थापकांच्या शब्दाखातर सही केलेले दोन मित्र. हेतू चांगला असतो, खिशाला खार लावून काम करण्याची तयारीही असते. मात्र विश्वस्त झाल्यावर नेमके काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. कायदा त्यांना जबाबदार धरतो, आयकर खाते त्यांच्याकडे हिशेब मागते, देणगीदार त्यांच्या नावावर विसंबतो. कारभाराचे शिक्षण मात्र ज्याने त्याने ठेचा खातच घ्यायचे, अशी रीत पडून गेली आहे.

सहकाराशी तुलना केली की ही उणीव ठळक दिसते. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम २४अ आले. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांना सहकाराचे शिक्षण-प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याने संस्थांवर टाकली. निवडून आलेल्या सरपंचांसाठी पुण्याची ‘यशदा’ वर्ग घेते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांचीही प्रशिक्षणे होतात. अनाथाश्रम, वसतिगृह, दवाखाना किंवा ग्रंथालय चालवणाऱ्या विश्वस्ताला मात्र पदावर बसण्याआधी किंवा बसल्यावर एक दिवसाचाही वर्ग करावा लागत नाही.

आणि हे महाराष्ट्रात व्हावे, याचे आश्चर्य वाटायला हवे. कारण संस्थेसाठी माणूस घडवावा लागतो, हा विचार इथे शंभर वर्षांहून जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सदस्यासाठी पाच वर्षांचे प्रशिक्षण ठरवले होते. देशसेवेची तळमळ आहे म्हणून कोणालाही थेट कामाला जुंपायचे नाही. अभ्यास करायचा, देश पाहायचा, मग जबाबदारी घ्यायची. धोंडो केशव कर्वे यांनाही हा प्रश्न पडला. अनाथ बालिकाश्रम आणि महिला विद्यालय चालवायला कार्यकर्ते हवेत आणि ते आपोआप मिळत नाहीत, हे ओळखून त्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ काढला. संस्थांसाठी कार्यकर्ते तयार करणे हाच त्याचा उद्देश होता.

नाशिकही संस्थांचेच शहर. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. सभासदांनी निवडलेले मंडळ आजही ग्रंथालयाबरोबर नाट्यगृह आणि वस्तुसंग्रहालय सांभाळते. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा. त्याचे सभासद दहा हजारांच्या वर आहेत आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीचा प्रचार तालुक्या-तालुक्यांत रंगतो. गोखल्यांचेच नाव घेऊन १९१८ मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि १९२४ मध्ये तिचे महाविद्यालय नाशिकला आले. अशा संस्थांना वर्षानुवर्षांचा कारभार आहे, कार्यालये आहेत, जाणते कर्मचारी आहेत. खरी ओढाताण होते ती पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागात काम करणाऱ्या लहान संस्थांची. तिथे दोन खोल्यांचे कार्यालय, पाच-सहा कर्मचारी आणि तिमाहीला कशीबशी जमणारी कार्यकारिणी, एवढाच पसारा असतो.

संस्थेचे गाडे अडते कुठे, हे कळायला एकच कागद जवळून पाहावा. त्याला सगळेजण ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात.

मुदत संपली, निवडणूक झाली, नवे अध्यक्ष आणि नवे चिटणीस आले, हारतुरे झाले. विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे हा बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. त्यासोबत सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत, नव्या मंडळींची संमतिपत्रे आणि गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले लागतात. आता समजा, घटनेत पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यावी असे लिहिले आहे आणि चिटणिसांनी आठ दिवस आधी फक्त व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. एका नाराज सभासदाने हरकत घेतली की अर्ज लांबला. तोवर परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदवहीवर, जुनीच नावे राहतात. त्यातले एक-दोघे हयातही नसतात. बँकेत सह्या बदलायला गेले की बँक हाच उतारा मागते. कंपनीकडे देणगी मागायला गेले की तीही हाच उतारा मागते. दरम्यान पुढची निवडणूक येते आणि तिचा बदल अर्ज मागच्याच्या निकालासाठी थांबतो. दहा वर्षांचे दोन-तीन बदल अर्ज एकावर एक साचलेल्या संस्था धर्मादाय कार्यालयाच्या आवारात शोधाव्या लागत नाहीत.

या साऱ्या गुंत्याचे मूळ एका नोटिशीच्या तारखेत असते. ते टाळायला कायद्याची पदवी लागत नाही. आपल्या घटनेतले सभा, सूचना आणि गणपूर्ती यांचे नियम एकदा शांतपणे वाचलेले असले, तरी पुरते. म्हणूनच चांगल्या प्रशिक्षणाचा पहिला तास घटनेच्या वाचनाला द्यायला हवा. अनेक विश्वस्त आपली घटना त्या दिवशी पहिल्यांदाच हातात घेतील.

दुसरा तास इतिवृत्ताचा. ‘वरील विषयावर साधकबाधक चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हे वाक्य गावोगावच्या इतिवृत्तांत सापडते. त्यातून काय ठरले, किती रुपयांचे ठरले, कोणी करायचे, कधीपर्यंत, यातले काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘वसतिगृहाच्या छताच्या दुरुस्तीसाठी आलेली तीन दरपत्रके सभेपुढे ठेवली. सर्वांत कमी दराचे, १ लाख ८० हजार रुपयांचे दरपत्रक मंजूर. खर्च इमारत निधीतून करावा. रक्कम चिटणीस व कोषाध्यक्ष यांच्या संयुक्त सहीने द्यावी. काम ३० जूनपूर्वी पूर्ण व्हावे.’ खाली सूचक, अनुमोदक आणि ज्यांचा विरोध होता त्यांची नोंद. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. पण पाच वर्षांनी लेखापरीक्षक, नवा कोषाध्यक्ष किंवा न्यायालय यांपैकी कोणीही विचारले, तरी उत्तर पानावर तयार असते.

तिसरा विषय पैशांचा. इथे प्रामाणिक माणसेही चुकतात, कारण घरखर्चाचा हिशेब आणि न्यासाचा हिशेब यांची रीत वेगळी. समजा, ३१ मार्चला बँकेत बारा लाख रुपये दिसतात. त्यातले सात लाख एका कंपनीने मुलींच्या सायकलींसाठी दिले आहेत, तीन लाख कायम निधीचे आहेत. संस्थेच्या हातात खरे दोनच लाख. एप्रिलचे पगार सायकलींच्या पैशांतून भागवले आणि नंतर अनुदान आले नाही, तर तो विश्वासभंग ठरू शकतो. ताळेबंदातल्या ‘राखून ठेवलेले निधी’ या ओळीचा अर्थ कोषाध्यक्षाबरोबर उरलेल्या सहा विश्वस्तांनाही कळला पाहिजे.

कायद्यातल्या आणखी काही तरतुदी अशाच नकळत मोडल्या जातात. कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. त्या मंजुरीशिवाय शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ आणि इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देता येत नाही. कलम ३६अ प्रमाणे न्यासासाठी कर्ज काढायलाही पूर्वमंजुरी लागते. शिलकी पैसा कुठे गुंतवायचा, हे कलम ३५ सांगते. चार पैसे व्याज जास्त मिळते म्हणून पतसंस्थेत ठेव ठेवणे त्यात बसत नाही. ठेव बुडाली तर विश्वस्तांना वैयक्तिक जाब द्यावा लागू शकतो. ‘आम्ही संस्थेच्या भल्यासाठीच केले’ हे उत्तर तेव्हा अपुरे पडते.

हे सारे जुनेच नियम. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांत नव्यांची मोठी भर पडली. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. नाशिकसारख्या कारखानदारीच्या जिल्ह्यात संस्थांना नवा देणगीदार मिळाला. पण तो पूर्वीच्या शेटजींसारखा पावती घेऊन समाधानी होत नाही. त्याला सविस्तर प्रस्ताव, अंदाजपत्रक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि कामाचा परिणाम मोजणारे आकडे हवे असतात. २०२१ पासून तर सीएसआर-१ या अर्जाने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी केल्याशिवाय असा निधी घेताच येत नाही. त्याच वर्षी आयकराच्या १२अ आणि ८०जी सवलतींची कायमची नोंदणी जाऊन ठरावीक वर्षांनी नूतनीकरण आले. देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यायची, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये भरायचे, हेही तेव्हाचेच. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने त्या देणग्यांतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि अशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देणेही बंद झाले. सुरगाण्याच्या संस्थेला मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी मिळण्याची वाट त्या दिवशी मिटली.

ताजा बदल २०२५ मधला. तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी, अशी तरतूद राज्याने विश्वस्तव्यवस्था कायद्यात केली. जन्मभर त्याच खुर्चीवर बसणारे मंडळ आता कमी होईल, ठरावीक मुदतीसाठी नवी माणसे येत राहतील. त्यांना तयार कोण करणार, हा प्रश्न म्हणूनच आता अधिक निकडीचा झाला आहे.

विश्वस्तांइतकीच गरज पगारी कर्मचाऱ्यांना आहे. आदिवासी पाड्यावर दहा वर्षे उत्तम काम केलेली कार्यकर्ती एके दिवशी ‘प्रकल्प समन्वयक’ होते. कुपोषित बाळाच्या आईशी कसे बोलावे हे तिला नेमके ठाऊक असते. पण आता तिला सहाजणांच्या कामाची वाटणी, व्हाउचरची तपासणी, तिमाही अहवाल आणि एखाद्या सहकाऱ्याच्या कामचुकारपणावर बोलणे हेही करायचे असते. कर्मचारी दहा किंवा अधिक असतील, तर लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते, हेही तिला माहीत हवे. बढती मिळते, पण तिच्यासोबत शिकवणी मिळत नाही. मग हाडाची कार्यकर्ती कागदांखाली दबते आणि दोन वर्षांत नोकरी सोडते.

मंडळ आणि कर्मचारी यांच्यातली सीमारेषा हाही शिकण्याचाच विषय आहे. धोरण ठरवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, जोखीम ओळखणे, मुख्य कार्यकारी व्यक्तीची नेमणूक आणि तिच्या कामाचा आढावा ही मंडळाची कामे. रोजचा कारभार कर्मचाऱ्यांचा. लहान संस्थेत मात्र अध्यक्ष रोज सकाळी फोन करून कोण कुठल्या गावाला जाणार ते ठरवतात आणि वार्षिक अंदाजपत्रकावर पाच मिनिटांत सह्या करतात. विश्वस्ताच्या नातेवाइकाला नोकरी किंवा कंत्राट देण्याचा विषय निघाला, तर त्या विश्वस्ताने सभेत आपला संबंध सांगून निर्णयातून बाजूला व्हावे, हा साधा दंडकही अनेक ठिकाणी कोणी घालून दिलेला नसतो.

अशा शिक्षणाच्या जागा देशात नाहीत असे नाही. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेले सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, ही देशातली समाजकार्य शिक्षणाची पहिली संस्था. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था आहे. सहकारी दूधसंघांना गावाची जाण असलेले व्यवस्थापक हवेत म्हणून डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ‘इर्मा’ उभी केली. मुंबईचे सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी १९८६ पासून न्यास, कायदा आणि कर या विषयांवर संस्थांना मार्गदर्शन करत आले आहे. भाईंदरजवळ उत्तन इथली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींप्रमाणे स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांचेही वर्ग घेते. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेने तर सामाजिक संस्थांत काम करणाऱ्यांसाठी नोकरी सांभाळून करता येईल असा विकास व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आखला. जगाकडे पाहिले तर व्यवस्थापनशास्त्राचे आचार्य मानले गेलेले पीटर ड्रकर यांनीही १९९० मध्ये ना-नफा संस्थांच्या व्यवस्थापनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

अडचण आहे ती अंतराची, भाषेची आणि खर्चाची. यातले बरेचसे शिक्षण मुंबई-पुण्यात आणि इंग्रजीत होते. कळवणच्या साठीतल्या कोषाध्यक्षांना ते उपयोगाचे नाही. पैशांचे म्हणाल तर देणगीदार सायकली, शाळेची बाके, पाण्याची टाकी यांसाठी आनंदाने देतात; हिशेबनीस, संगणक आणि प्रशिक्षण यांना ‘वरखर्च’ म्हणून कात्री लावतात. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने काही वर्षांपूर्वी भारतातल्या ४० नामवंत संस्थांचे हिशेब तपासले, तेव्हा हा अप्रत्यक्ष खर्च कुठे ५ टक्के तर कुठे ५१ टक्क्यांपर्यंत आढळला. म्हणजे कामाच्या स्वरूपाप्रमाणे तो बदलतो. सर्वांना एकच टक्का लावणारा देणगीदार नकळत त्या संस्थेचा कणाच कमकुवत करतो. शंभर सायकली देणाऱ्या कंपनीने दोन सायकलींच्या किमतीत त्या संस्थेच्या हिशेबनिसाला आणि कोषाध्यक्षाला वर्गाला पाठवले, तर उरलेल्या अठ्ठ्याण्णव योग्य मुलींपर्यंत पोचण्याची खात्री कितीतरी वाढेल.

नाशिकला ही घडी बसवणे अवघड नाही, कारण लागणारे बरेचसे सुटे भाग इथेच आहेत. गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये त्याची स्थापनाच मुळी नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी झाली आणि मराठीतून घरबसल्या शिकता येतील अशी पुस्तके तयार करण्याचा त्याला दीर्घ अनुभव आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाचे समाजकार्य महाविद्यालय इथे आहे. ‘अभिव्यक्ती – मीडिया फॉर डेव्हलपमेंट’ ही नाशिकची संस्था १९८७ पासून माध्यमांच्या आणि संवादाच्या वाटेने संस्था-संघटनांचे शिक्षण करत आली आहे. धर्मादाय सहआयुक्तांचे विभागीय कार्यालय इथेच आहे. आणि ताळेबंद समजावून सांगू शकतील असे सनदी लेखापाल आणि निवृत्त बँक अधिकारी या शहरात मुबलक आहेत.

सहा शनिवार पुरेसे होतील. पहिला घटना आणि सभांचा, दुसरा इतिवृत्त आणि बदल अर्जाचा, तिसरा ताळेबंदाचा, चौथा आयकर आणि देणग्यांचा, पाचवा कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, पगार आणि तक्रार निवारणाचा, सहावा प्रस्ताव लिहिण्याचा आणि पुढची फळी तयार करण्याचा. प्रत्येक संस्थेकडून दोघांनी यावे, एक विश्वस्त आणि एक कर्मचारी. दोघे एकाच बाकावर बसले की कोणाचे काम कुठे संपते, याची चर्चा वर्गातच होऊन जाते. येताना त्यांनी आपली घटना, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि परिशिष्ट एकचा ताजा उतारा सोबत आणावा. धडे दुसऱ्या कुणाच्या उदाहरणावर गिरवण्यापेक्षा याच कागदांवर गिरवले जावेत. पहिल्याच शनिवारी प्रत्येकाने उताऱ्यावरची नावे आणि आज सभेला येणाऱ्यांची नावे शेजारी शेजारी लिहून काढावीत. ती जुळत नसतील, तर प्रलंबित बदल अर्जांची यादी करून दुसऱ्या शनिवारपर्यंत पहिला अर्ज दाखल करण्याची तयारी, हाच त्यांचा गृहपाठ.